प्रभाची भूमिका आणि खरे अश्रू

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे छोटे हौशी नाट्यमंडळ आहे. कापसाचा हंगाम आटोपला की महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’चा प्रयोग करण्याचे आम्ही ठरवले आहे. प्रभाचे काम करणाऱ्या मुलीचे शिक्षण बारावीनंतर घरच्यांनी थांबवले होते. प्रभाच्या अडलेल्या शिक्षणाचा विषय निघाला की तिला रडू आवरत नाही आणि तालीम थांबते. काहींच्या मते तिला बदलावे, तर काहींना तिचे खरे रडूच प्रयोगात हवे आहे. शिवाय, इतके शांत नाटक गावात चालणार नाही, दोन-चार गाणी घाला, असाही आग्रह आहे. काय करावे?
— एक दिग्दर्शक

उत्तर : आपल्या मंडळातील दोन्ही बाजू तिच्या रडण्याविषयी बोलत आहेत, परंतु ही भूमिका करायची आहे का, हे तिला कोणी विचारल्याचे आपल्या पत्रात दिसत नाही. ते आधी विचारावे. मात्र सर्वांसमोर नव्हे, तर मंडळातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना सोबत घेऊन, आणि नकार दिला तरी तिचे मंडळातील स्थान कायम राहील असा शब्द देऊन. तिला भूमिका करायची असेल, तर ती काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे रडू प्रयोगात ठेवण्याची सूचना मला अजिबात मान्य नाही, कारण ती त्या मुलीवर अन्याय करणारी आहेच, पण प्रभालाही न्याय देणारी नाही. धरणगावच्या देशपांड्यांच्या या घरात प्रभाचे वडील तात्याजी वारले आहेत, तेरवीचा खर्च कुठून करायचा याचा घोर सर्वांना लागला आहे, आणि वडिलांनी शिकू न दिलेली प्रभा त्याच घरात वर्षानुवर्षे राहते आहे. तिचे दुःख कालचे नाही. ते वाळून कडवट झालेले आहे. म्हणून तालमीत तिच्या हाताला काम द्यावे. तेरवीच्या स्वयंपाकासाठी ती तांदूळ निवडते आहे असे समजा : वाक्य बोलताना नजर सुपावर, बोटाने खडा बाजूला सारायचा आणि तो निघाल्याशिवाय वर पाहायचे नाही. असे केले की अभिनेत्रीला धरून राहायला काहीतरी मिळते, आवाज आपोआप कोरडा होतो, आणि गहिवर यायचाच असेल तर तो प्रेक्षकाला येतो. हा प्रसंग तालमीच्या शेवटी ठेवू नये. संध्याकाळी आधी तो करावा आणि नंतर हलके प्रसंग घ्यावेत, म्हणजे ती मुलगी तेच ओझे घेऊन घरी जाणार नाही. तालमीबाहेरही तिची झोप उडत असेल किंवा मन लागत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते.

गाण्यांचा आग्रह मी समजू शकतो. आपल्याच विदर्भात, वडसा परिसरातील झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र गाण्यांसह रंगते, आणि तिथे गाणे हा नाटकाचा प्राण असतो. या नाटकाची घडण मात्र वेगळी आहे. दादी पुन्हा पुन्हा किती वाजले ते विचारते, वहिनी रात्री घरातले दागिने अंगावर घालते. या जागा शांततेवरच उभ्या आहेत. गाव हे नाटक ऐकणार नाही, असे मला वाटत नाही, कारण यातली बोली, शेती आणि वाटण्यांचे तंटे गावाच्या ओळखीचेच आहेत. अडचण येईल ती मोकळ्या मैदानाची, जिथे भोंग्यातून आलेला दादीचा आवाज घोषणेसारखा वाटेल. त्याऐवजी शाळेचे सभागृह किंवा एखाद्या जुन्या वाड्याचे अंगण घ्यावे आणि कमी प्रेक्षकांत दोन प्रयोग करावेत. ज्या वाड्याच्या हिश्श्यावरून भावाभावांत वाद चालू आहे, तो मात्र घेऊ नये. वर्षभरात ज्या घरी मृत्यू झाला असेल, त्या घरी आधी जाऊन नाटकाचा विषय सांगावा आणि येण्याचा आग्रह करू नये.

संहितेत काहीही घालण्यासाठी किंवा गाळण्यासाठी लेखकाची संमती लागते. प्रयोगाची लेखी परवानगी आणि नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र यांसाठीचे अर्ज आताच पाठवावेत, कारण तारीख जाहीर करून मग कागदांमागे धावताना तालमीच बुडतात.