पाय टेकत नाहीत, म्हणून मोटरसायकल खाली बसवायची?

प्रश्न : उंची पाच फूट तीन इंच. यामाहाची नवी आर-१५ घेतली. सिग्नलला नुसते चवडे टेकतात. गाडी किती खाली करू? (भांडुप)

आधी सीटवाल्याकडे जा. ८१५ मिमी उंचीच्या सीटवर दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं नाही. डावा पाय नीट टेकला आणि उजवा ब्रेकवर राहिला, की सिग्नल निभतो. रेक्झिन काढून फोम वीसेक मिमी तासून घ्या, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सीटच्या पुढच्या कडा निमुळत्या करा. मांड्या जवळ आल्या की पाय आपोआप खाली पोचतो. गाडीच खाली केलीत तर तळ घासेल : हिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचा तळ यांतलं अंतर, कागदावर १७० मिमी, तोही कुणी बसलेलं नसताना. नियमातला गतिरोधक १०० मिमीचा; आपल्या गल्लीतल्यांनी तो नियम वाचलाय असं वाटत नाही.

प्रश्न : कावासाकी निन्जा ३००ला लांब डॉगबोन टाकून फक्त मागून खाली करतो, असं मेकॅनिक म्हणतो. चालेल? (बोरिवली)

अर्धं काम झालं. डॉगबोन म्हणजे मागचं चाक आणि शॉकअप यांना सांधणाऱ्या जोडणीतली (लिंकेज) पट्टी, त्यामुळे तो थोडाच लांब केला तरी मागचं चाक त्याच्या कितीतरी पट वर सरकतं आणि गाडी बसते. पण नुसती मागून बसली की फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाइप, जास्त तिरका होतो. वळणात हँडल जड लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून फोर्कचे पाइप टीमध्ये (हँडलखाली त्यांना धरणाऱ्या पकडीत) वर सरकवून पुढूनही साधारण तेवढंच उतरवतात. तेव्हा एक गोष्ट मेकॅनिककडून वदवून घ्या : फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड रेडिएटरला किंवा फेअरिंगला (पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाला) लागत नाही ना? चेनचा ताणही पुन्हा बघायला लावा.

आणि साइड स्टँड! गाडी बसली की तोच स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते. परळला माझी अशीच एक गाडी बसच्या नुसत्या वाऱ्याने शेजारच्या स्कूटरवर कलंडली होती. स्कूटरवाले काका सज्जन निघाले. स्टँड कापून वेल्ड करून घ्या.

प्रश्न : केटीएम आरसी २००चे डॉगबोन कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतील का? (चेंबूर)

कुठेच मिळणार नाहीत. या गाडीला लिंकेजच नाही, शॉकअप थेट स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर बसतो. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, कमी केलात तर गाडी थोडी खाली येईल. त्याने स्प्रिंग मऊ होत नाही बरं का. गाडी तुमच्या वजनाखाली जरा जास्त दबते, एवढंच.

प्रश्न : स्प्रिंगचे दोन वेढे कापले तर? स्वस्तात होतंय. (दिवा)

नको. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग कडक होते, आणि तिला दबायला जागाही कमी उरते. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर एका पावसाळ्यात कंबर सांगेल.

प्रश्न : आरटीओची कटकट? (दादर)

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल चालत नाही. बेकायदा बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. फोम तासणाऱ्याला कुणी अडवल्याचं मी तरी पाहिलं नाही. लिंकेजला हात लावणार असाल तर आधी विमा कंपनीला लेखी विचारा, आणि काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नका.