फेरेट (मुंगसासारखा लांबट, छोटा पाळीव प्राणी) नखे कापताना चावतो. त्याला घट्ट कसे धरावे, आणि वासासाठी दर आठवड्याला आंघोळ घालावी का?

घट्ट धरण्याच्या मागे लागूच नका. हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण हीच चूक आमच्या घरी झाली आणि तिचे खापर कित्येक महिने फेरेटच्या डोक्यावर फुटत राहिले.

आमची मादी जेमतेम वर्षाची असताना थोरल्या भावाने तिला मानेच्या कातडीला धरून अधांतरी उचलले आणि मी नेलकटर हातात घेतले. मागच्या पायांखाली हात दे, असे मी त्याला दोनदा बजावले. त्यावर मांजर आपल्या पिल्लांना असेच नेते, असे तो म्हणाला. अंगाचा सगळा भार मानेवर आल्यामुळे ती सारखी वळवळत होती आणि तिसरेच नख कापताना पाते आतल्या गुलाबी शिरेवर गेले. फेरेटच्या नखातली ती शीर उजेडात स्पष्ट दिसते, पण हलत्या पंजावर ती पाहणार कशी? रक्त आले, तिने दादाच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला आणि त्याने तिच्या नाकावर टिचकी मारली. चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरल्यावर रक्त थांबले. मात्र त्यानंतर नेलकटर दिसले तरी ती पलंगाखाली शिरू लागली आणि दादाच्या लेखी ती कायमची चावरी ठरली.

ती चावरी नव्हती. पुढे एका संध्याकाळी, ती झोपेतून नुकतीच उठलेली असताना, मी तिला मांडीवर उताणी घेतले आणि पोटावर सामन माशाच्या तेलाचे दोन थेंब टाकले. ती मान वाकवून ते चाटू लागली. मिशा तेलाने चिकटल्या होत्या, पंजे अगदी सैल पडले होते आणि माझ्या दुसऱ्या हातातल्या नेलकटरकडे तिचे लक्षही नव्हते. पहिल्या दिवशी मी दोनच नखे कापली. आता दर दोन आठवड्यांनी शिरेच्या थोडे पुढे कापत वीसही नखे एका बैठकीत होतात, आणि तिला धरायला दुसरे माणूस लागत नाही.

आंघोळीचे म्हणाल, तर दर आठवड्याला मुळीच नको. तो वास कातडीतल्या तेलग्रंथींचा असतो. साबणाने कातडी कोरडी पडली की ग्रंथी अधिक तेल सोडतात आणि वास वाढतो. वर्षातून दोनतीनदा आंघोळ पुरे, त्याऐवजी अंथरूण दर आठवड्याला धुवा.

मानेची पकड सर्वस्वी वाईट आहे, असे मात्र मी म्हणत नाही. तपासताना पशुवैद्यही ती वापरतात, पण मिनिटभरच आणि मागच्या अंगाला आधार देऊन. तशा पकडीत फेरेट जांभई देऊन सैल पडतो. शिक्षा म्हणून ती कधीही वापरू नये. तेलही थेंबांपुरतेच ठेवा, जास्त झाले तर जुलाब होतात. आजवर शांत असलेला फेरेट अचानक चावू लागला, तर त्याला काही दुखत असण्याची शक्यता असते, तेव्हा आधी पशुवैद्याला दाखवा. आणि तुमच्या घरी कोणी त्याला चावरा म्हणत असेल, तर तो चावला तेव्हा त्याचे मागचे पाय कोणाच्या हातावर होते, एवढे त्या व्यक्तीला जरूर विचारा.