स्पर्शिकेचा चढ काढताना
पीयूसीच्या (कर्नाटकातील अकरावी-बारावीच्या) पहिल्या वर्षी विकलनाची (डिफरन्शिएशनची) सूत्रे पाठ करण्याची घाई सगळ्यांनाच असते. पण खानापूर, निपाणीकडून बेळगावच्या कॉलेजात येणाऱ्या मुलांना मी आधी छेदिकाच, म्हणजे वक्रावरील दोन बिंदूंतून जाणारी रेषाच, काढायला लावतो, आणि तुम्हालाही माझे आग्रहाने तेच सांगणे आहे. य = क्ष³ − ३क्ष या वक्रावरचा (२, २) हा बिंदू घ्यावा, त्याच्या शेजारी क्ष = २ + ह असलेला दुसरा बिंदू घ्यावा आणि दोन्हींना जोडणाऱ्या रेषेचा चढ स्वतः मांडावा. तो ९ + ६ह + ह² येतो. भागाकार करताना ह शून्य नसतो, म्हणूनच त्याने भागता येते. त्यानंतर ह शून्याकडे नेला की ९ हा स्पर्शिकेचा चढ मिळतो. हा क्रम उलटा केल्यास हाती शून्य भागिले शून्य एवढेच उरते.

विकलज, म्हणजे कोणत्याही क्ष ला वक्राचा चढ सांगणारी राशी ३क्ष² − ३, जसाच्या तसा रेषेच्या समीकरणात घालू नये; क्ष = २ ठेवून आलेली संख्याच घालावी, म्हणजे य = ९क्ष − १६ ही सरळ रेषा मिळते. ताळा अवश्य पाहावा: वक्र आणि रेषा यांची समीकरणे एकत्र सोडवल्यास (क्ष − २)²(क्ष + ४) = ० येते. वर्ग असलेला अवयव स्पर्श दाखवतो, तर क्ष = −४ येथे हीच स्पर्शिका वक्राला पुन्हा छेदते; त्यामुळे स्पर्शिका एकाच बिंदूत भेटते, ही दहावीत वर्तुळासाठी शिकलेली गोष्ट इतर वक्रांना लावू नये.