वाचकांचे प्रश्न: उचलून आणलेल्या चॅपलमध्ये जुनं काय बघायचं?

प्रश्न: मुलीकडे न्यूयॉर्कला चाललोय, क्लॉइस्टर्स म्युझियम बघायचंय. तिथलं लँगोन चॅपल (छोटं प्रार्थनागृह) फ्रान्समधून उचलून आणलंय म्हणे. मग खरं जुनं काय आणि नवं काय? दगडी दरवाजे, लोखंडकाम बघताना नजर कुठे ठेवू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नक्की बघा, आणि घाई अजिबात करू नका. चॅपलचे कोरीव दगड बाराव्या शतकातले, बोर्दोजवळच्या लँगोन गावच्या चर्चमधले आहेत, पण ते ज्या इमारतीत बसवलेत ती 1938 साली उघडली, म्हणजे सगळ्याच भिंती जुन्या समजू नका.

आत शिरताना जो भव्य दरवाजा लागतो तो तर लँगोनचा नाहीच, तो फ्रान्सच्याच बर्गंडी भागातल्या मूतिए-सें-जाँ मठाचा, साधारण 1250 चा. कमानीखाली येशू मेरीला मुकुट घालतोय, दोन्ही बाजूंना दोन राजे, फ्रँक लोकांचा जुना राजा क्लोविस आणि त्याचा मुलगा क्लोथार असं मानतात. गंमत म्हणजे दरवाजा म्युझियमने 1932 ला घेतला आणि राजे आले 1940 ला! फ्रेंच क्रांतीनंतर मठ विकला गेला, दगड पांगले, त्यामुळे दरवाजा आणि दोन्ही राजे परत एकत्र उभे आहेत हेच मला फार मोठं वाटतं.

आता लोखंड. आपल्या वाड्यांची जुनी दारं दगडातल्या खळग्यात फिरतात, युरोपात मात्र चौकटीच्या दगडाला भोक पाडून त्यात लोखंडी आकडा ठेवायचे, भोवती वितळलेलं शिसं ओतायचे आणि लांब पट्टीची बिजागरी त्या आकड्यावर अडकवायचे. म्हणून कुठलंही जुनं दार बघताना आधी चौकटीची कड बघा, बुजवलेली भोकं, शिशाचा करडा डाग, गंजाचा ओघळ दिसतो का. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाला आतून तडा देतं, त्यामुळे आकड्याजवळचा तुकडा कित्येकदा नवा बसवलेला असतो, रंगात जरा फरक दिसतो बघा.

पट्टी हाताने घडवलेली असेल तर रुंदी सगळीकडे सारखी नसते, हातोड्याचे चपटे ठसे तिरप्या उजेडात दिसतात, खिळ्यांची डोकीही एकसारखी नसतात. सगळं एकदम सरळ आणि समान दिसलं तर ते बहुतेक नंतरचं काम.

हात मात्र लावू नका, आणि बुधवारी म्युझियम बंद असतं.