तिच्या वाट्याला बटणं किती?

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझ्या गेमचा डेमो खेळून पाहिला. किल्ला सुरेख उतरलाय. पावसात भिजलेल्या जांभ्या दगडाचा रंग तर आपल्या गोव्यातलाच. पण राजकन्येबद्दल मला बोलायचंय. पहिल्याच मिनिटाला राक्षस तिला उचलून नेतो आणि शेवटच्या लेव्हलपर्यंत ती बुरुजावर रडत बसते. तू विचारलंस, तिचे कपडे ठीक आहेत ना? कपड्यांचं नंतर बघू. आधी सांग, तिच्या वाट्याला बटणं किती आलीत? म्हणजे, बटण दाबून खेळाडूला तिच्याकडून काय काय करवता येतं?

हा साचा फार जुना. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये माकडाने पळवलेली बाई वर उभी आणि नायक शिड्या चढतोय. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये कैदेतली राजकन्या. पण १९८८ साली अमेरिकेत आलेल्या दुसऱ्या भागात तीच राजकन्या खेळाडूला निवडता येऊ लागली आणि तिला उडी मारून हवेत तरंगता येत होतं. झगा तोच, मुकुट तोच. तरी ती पार वेगळी झाली, कारण आता ती काहीतरी करत होती.

याउलट ‘मेट्रॉइड’ बघ, १९८६चा. चिलखतातल्या सामसला आपण अख्खा गेम चालवतो आणि ती बाई आहे हे शेवटी कळतं. केवढी धाडसी कल्पना! पण तिथेही मेख मारून ठेवलेली: गेम जितका लवकर संपवाल, तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी. पराक्रम तिचा आणि बक्षीस म्हणून तिचंच शरीर. मला हे आजही बोचतं.

यामुळे मुलं बिघडतात का? घाईने ‘हो’ म्हणू नकोस. जर्मनीत गेम खेळणाऱ्यांचा तीन वर्षं मागोवा घेऊन २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गेम खेळणं आणि बायकांबद्दलची बुरसटलेली मतं यांचा संबंध आढळला नाही. एका अभ्यासाने वाद मिटत नाही, पण ‘गेममुळे पोरगं वाया गेलं’ म्हणणाऱ्यांना तो जरूर सांग.

मला जास्त काळजी खेळताना एकमेकांशी बोलायच्या माइकची वाटते. त्याच वर्षी ‘हॅलो ३’ या बंदुकांच्या लढाईच्या गेममधल्या ऑनलाइन सामन्यांवरचा एक अभ्यास आला. टीममध्ये बाईचा आवाज ऐकू आला की कच्चे पुरुष खेळाडू तिच्याशी जास्त वाईट वागत. पुरुषाच्या आवाजापुढे मात्र तेच नमतं घेत. चांगलं खेळणाऱ्यांचं वागणं असं नव्हतं. तुझी बहीण फोनवर बीजीएमआय हा लढाईचा ऑनलाइन गेम खेळताना माइक बंद ठेवते, हे तूच सांगितलंस. का ठेवते, ते विचारलंस कधी? तिच्या टीममध्ये तू असशील आणि कुणी घाण बोललं, तर तिथल्या तिथे त्याला अडव. नुसतं रिपोर्ट करून गप्प बसू नकोस. मुलाने मुलाला अडवलं तर ते ऐकलं जातं. हे चूक आहे, पण आज तसंच आहे.

आता तुझी राजकन्या. कवळ्याच्या शांतादुर्गेच्या जत्रेला तू दरवर्षी जातोस. शंकर आणि विष्णू लढायला उभे ठाकले तेव्हा मध्ये पडून ज्या देवीने दोघांना शांत केलं, तिच्या दारात वाढलेल्या मुलाला बुरुजावर नुसती रडणारी नायिका का सुचावी? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ हा गेम काढला. त्यात सर्कशीत कसरती करणारी मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते, राक्षसांशी लढते. नक्कल करू नकोस, पण खेळून बघ.

तुझ्या राजकन्येला किल्ल्याच्या चोरवाटा ठाऊक असू देत. तिला चुकू दे, चिडू दे, पडू दे. नायकाला सुटकेसाठी तिची गरज लागू दे. चवथीपूर्वी दुसरी लेव्हल तयार कर आणि मला पाठवण्याआधी बहिणीला आणि तिच्या मैत्रिणींना खेळायला दे. त्या खेळत असताना तू मागे बसून काहीही समजावू नकोस. कुठे अडतात, कुठे हसतात आणि कुठे फोन खाली ठेवतात, तेवढं लिहून मला कळव.

तुझा,
सर