पर्चेसला नवीन लागलात? मेलबद्दल थोडं सविस्तर

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिप्लोमा करून अंबाजोगाईहून वाळूजला आलात, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत पर्चेसला, म्हणजे खरेदी विभागात, लागलात आणि साहेब म्हणतात, "तुझा मेल वाचून तुला काय पाहिजे तेच कळत नाही." त्यात रिमाइंडर टाकला की व्हेंडर, म्हणजे माल पुरवणारे, फुगतात, सीसीत कुणाला घ्यावं ते समजत नाही आणि इंग्रजीचं दडपण आहेच.

इंग्रजीचं आधी सांगतो, कारण खरी अडचण तिथे नाहीच. तुम्ही दिलेला नमुना पुन्हा वाचा. 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट' इथून सुरुवात, मग कंपनीची ओळख, मग आपले जुने संबंध. ब्रॅकेट पाहिजेत हे पार शेवटी येतं आणि कधी पाहिजेत ते तर नाहीच, नुसतं 'ॲट द अर्लिएस्ट'. यात व्याकरणाची चूक एकही नाही, पण वाचणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाशी एकदम कामाचं बोललं की उद्धटपणा वाटतो. आधी तब्येत, मग पाऊसपाणी, मग काम. समोरासमोर ते शोभतंही. मेलमध्ये मात्र समोरच्याचा वेळ वाचवला तोच त्याचा मान. 'नमस्कार सर' एवढा आदर पुरतो.

तुमचाच मेल मी असा लिहीन (पीओ म्हणजे पर्चेस ऑर्डर):

विषय: पीओ ४५१२, ब्रॅकेट ३०० नग, शुक्रवार सकाळपर्यंत

नमस्कार सर,
पीओ ४५१२ च्या ५०० नगांपैकी २०० सोमवारी मिळाले. उरलेले ३०० शुक्रवारी सकाळी १० पर्यंत आमच्या स्टोअरला लागतील. आमच्याकडचा साठा शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टपुरताच आहे. डिस्पॅच कधी होईल ते आज संध्याकाळी ५ पर्यंत कळवा. सगळे जमणार नसतील तर शुक्रवारी किती देता येतील ते सांगा.

शेवटचं वाक्य काढू नका. ते नसलं की व्हेंडर अडचणीत असताना उत्तरच देत नाही, फोनही उचलत नाही. १०० नग तर १०० नग, पण खरा आकडा हातात आला की तुम्हाला प्लॅनिंगवाल्याशी बोलता येतं. इंग्रजीत लिहायचं तर हीच वाक्यं साध्या इंग्रजीत लिहा. 'काइंडली डू द नीडफुल' मात्र सोडा, त्यात नेमकं काय करायचं तेच सांगायचं राहून जातं. आणि विषयात 'अर्जंट' लिहू नका. सगळेच लिहितात, म्हणून कुणीच बघत नाही.

आता फोनचं. आपल्या भागात काम फोनवर होतं, टपरीवर चहा घेताना होतं, आणि त्यात काही वाईट नाही. फुगलेला व्हेंडर मेलने खुलत नाही, फोननेच खुलतो. पण बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळी टाका: 'आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे ३०० नग शुक्रवारी, वाहतूक तुमच्याकडे.' सहा महिन्यांनी तुमची बदली झालेली असते, तिकडचा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि वाहतुकीचे पैसे कुणी द्यायचे यावर तिसरीच माणसं भांडत बसतात. त्यांना तुमचा फोन ऐकू येणार नाही, मेल दिसेल.

रिजेक्शनच्या, म्हणजे माल नापास करण्याच्या, बाबतीत तर हे लेखी टाकणं नुसतं शिस्तीचं राहत नाही. तुमचे बरेच व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असतील. त्यांच्यासाठी २००६ चा एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास, कायदा आहे. लेखी करारात काहीही मुदत घाला, पैसे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर व्याज लागतं. मालाबद्दल तक्रार असेल तर ती डिलिव्हरीपासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवावी लागते. तसं केलं तर व्हेंडरने दोष दूर केल्याच्या दिवसापासून मुदत मोजली जाते. नाही केलं तर माल डिलिव्हरीच्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. क्वालिटीवाल्याने फोनवर "होल जास्त झालंय" म्हटलं, व्हेंडरही "हो साहेब" म्हणाला, याला लेखी म्हणत नाहीत. मेलला म्हणतात, माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डला लेखी म्हणून मान्यता आहे. म्हणून चलन नंबर, तारीख, किती नग तपासले, किती नापास झाले, ड्रॉइंगला माप काय आणि प्रत्यक्षात काय आलं, हे मेलमध्ये आणि सोबत फोटो. 'क्वालिटी फारच खराब आहे' याचा उपयोग शून्य, उलट माणूस दुखावतो.

सीसीचं बघा. ज्याने काम करायचं तो टूमध्ये, ज्याला माहीत असावं तो सीसीत. पहिल्याच रिमाइंडरला व्हेंडरच्या मालकाला सीसीत घेतलं तर तिथला माणूस म्हणणारच, "माझी तक्रार कामून केली?" पहिला रिमाइंडर त्याच ट्रेलवर, म्हणजे आधीच्याच मेलला जोडून, त्याच माणसाला. दुसऱ्या वेळी आधी फोन करून सांगा की आता साहेबांना सीसीत घ्यावं लागेल. निम्म्या वेळा त्या फोनवरच काम होऊन जातं.

तीन व्हेंडरना रेट मागवताना तिघांना एकाच मेलच्या टूमध्ये घालू नका. वाळूज एवढं मोठं नाही. संध्याकाळपर्यंत तिघांचं बोलणं होतं आणि रेट सारखेच येतात. वेगवेगळे मेल करा. दिवाळीच्या सुट्टीची सूचना सगळ्यांना पाठवायची तर पत्ते बीसीसीत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही.

फॉरवर्ड करताना खालचा ट्रेल पूर्ण वाचायचा. एका कंपनीत मी हे घडताना पाहिलंय: मार्केटिंगच्या पोराने कस्टमरला कोटेशन फॉरवर्ड केलं आणि खाली आतल्या माणसांचं बोलणं तसंच गेलं, 'पार्टी अडलीय, आठ टक्के चढव.' कस्टमरने रागाचं काहीच लिहिलं नाही. फक्त ती ओळ पिवळी करून परत पाठवली. बाहेर जाणारा मेल शक्यतो नव्यानेच लिहावा, आणि आतल्या मेलमध्येही असं काही लिहू नये जे बाहेर गेलं तर तोंड लपवावं लागेल.

ड्रॉइंग जोडताना फाइलच्या नावात पार्ट नंबर आणि रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची कितवी आवृत्ती ते, हवीच. 'फायनल न्यू २' असल्या नावाच्या फाइलवरून जुन्या रिव्हिजनचा माल बनून येतो आणि दोष दोघांकडे जातो. मेलमध्येही लिहा: 'रिव्हिजन सी जोडली आहे, बी रद्द समजावी.' जीमेलवर २५ एमबीच्या वरची फाइल जोडून जात नाही, ड्राइव्हची लिंक जाते. ती समोरच्याला उघडता येते का ते आधी बघा. रात्री नऊला 'ॲक्सेस नाही' असा मेल येणं म्हणजे एक दिवस गेला.

मराठीत मेल चालतो का? स्थानिक शेडवाल्या छोट्या कारखानदाराला बिनधास्त मराठीत लिहा, त्याला ते आवडतंच. चेन्नईचा कस्टमर सीसीत असेल तर इंग्रजी. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधलं पत्र समोर भलत्याच अक्षरांत उघडतं, त्याची पीडीएफ करून जोडा. रोमन अक्षरांतली मराठी व्हॉट्सॲपवर ठीक, रेकॉर्डला नको.

रागात लिहिलेल्या मेलला टूचा पत्ता सगळ्यात शेवटी टाका, म्हणजे अर्धवट जाणार नाही. जीमेलमध्ये 'अनडू सेंड'ची वेळ ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती आजच वाढवा.

आणि सहीत सुविचार नको, मोबाइल नंबर हवा. व्हेंडरचा टेम्पो गेटवर येतो, सिक्युरिटी म्हणते पीओ दाखवा, ड्रायव्हरकडे मेलची प्रिंट असते आणि तुमचा नंबर त्यावर नसतो.