सी कयाकवर बचावाचं सामान कुठं ठेवायचं?

कारवारला पहिल्यांदाच सी कयाक (समुद्रात वल्हवायची लांब, अरुंद होडी) घेऊन उतरताय आणि पाणी उपसायचा पंप, टो-लाइन (दुसऱ्याची होडी ओढायची दोरी), पॅडल फ्लोट (परत चढताना वल्ह्याच्या टोकाला लावायचा तरंगता फुगा), जादा वल्हं हे सगळं हॅचमध्ये, म्हणजे झाकणाच्या बंद कप्प्यात ठेवावं की डेकवर, म्हणजे होडीच्या पाठीवर बांधावं, असं तुम्ही विचारलंय.

मी खानापूरचा. सराव सगळा मलप्रभेच्या डोहात. समुद्र म्हणजे महिन्यातून एकदा, रामनगर-जोयडामार्गे कारवार. पहिल्या वर्षी मी सगळं मागच्या हॅचमध्ये रचायचो, लग्नाला निघाल्यागत. एकदा काळी नदीच्या मुखाशी उलटलो. दुपारची वेळ, ओहोटीचं पाणी बाहेर चाललेलं आणि वारा समुद्राकडून. असं जुळून आलं की तिथं लाटा आखूड आणि उभ्या उठतात. स्कर्ट (बसायच्या जागेत पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती ताणून बसवलेलं आवरण) ओढून बाहेर आलो, होडी सरळ केली, तर कॉकपिट, म्हणजे बसायची जागा, काठोकाठ भरलेलं. जोडीदार ओरडतोय, "अरे पंप काढ की!" आणि पंप मागच्या झाकणाखाली. त्या लाटांत झाकण उघडलं असतं तर तो कप्पाही भरला असता, आणि भरलेली कयाक तरंगते ती या बंद कप्प्यांतल्या हवेवरच. शेवटी त्यानंच आपला पंप दिला.

तेव्हापासून पाण्यात पडल्यावर जे लागेल ते मी हॅचमध्ये टाकत नाही. आणि होडी हातातून सुटल्यावरही जे लागेल ते अंगावर घेतो: शिट्टी, चाकू, व्हीएचएफ रेडिओ (समुद्रावरचा बिनतारी संच), वॉटरप्रूफ पाऊचमधला मोबाइल, सगळं लाइफ जॅकेटच्या खिशात. वाऱ्यावर रिकामी कयाक आपल्या पोहण्यापेक्षा भरभर पळते. रेडिओ डेकवर बांधलेला असेल, तर तोही तिच्याबरोबर गेलाच म्हणायचा. रेडिओवर मदतीसाठी चॅनेल १६, मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा १५५४. टो-लाइन मी कमरेच्या पट्ट्यातच ठेवतो, मात्र पट्टा एका झटक्यात सुटणारा हवा.

पंप आणि पॅडल फ्लोट पुढच्या डेकवर, कॉकपिटसमोर. नुसत्या बंजीवर (डेकवरच्या ताणल्या जाणाऱ्या दोरीवर) विसंबू नका. किनाऱ्यावर फुटणारी एक लाट बंजीखालचं सामान अलगद काढून नेते. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून पंपाला गुंडाळलीय. रबरावर रबर घट्ट बसतं, निसटत नाही. शिवाय हातभर दोरी बांधून ठेवलीय, पण आखूडच. डेकवर दोरीचं लोंबतं वेटोळं म्हणजे पाय अडकायची सोय.

कॉकपिटच्या मागची जागा मोकळी सोडा, हे बहुतेक जण विसरतात. पॅडल फ्लोट लावून चढताना वल्ह्याचा दांडा तिथंच आडवा टाकावा लागतो आणि आपण पोटावर तिथंच सरपटतो. तिथं कोरडी बॅग बांधली असेल तर चढणं जमत नाही. जादा वल्ह्याचे दोन तुकडेही म्हणून पुढच्याच डेकवर.

मागे हात नेऊन उघडता येणारं डे-हॅच असेल तर त्यात प्रथमोपचाराची पेटी, टॉर्च आणि कुंदा या मिठाईचा डबा. (कुंदा बचावाच्या सामानात धरावा का, यावर आमच्यात अजून वाद आहे.) पिण्याच्या पाण्यासारखं जड सामान बुडाशी, शक्य तितकं मध्यभागी. मागचा भाग जड झाला की वारा नाक ढकलून होडी फिरवतो.

निघण्याआधी एकदा कमरेएवढ्या संथ पाण्यात, जोडीदार शेजारी उभा करून, मुद्दाम उलटा. मग होडीला धरून तरंगत, डोळे मिटून, एकाच हातानं पंप काढून बघा, आधी उजव्या, मग डाव्या. माझा डावा हात अजूनही दोनदा चाचपल्याशिवाय मुठीवर जात नाही.